आईवडिलांना घरी सांभाळायचा खर्च नक्की किती येतो? आधी तास मोजा, मग पैसे

म्हाताऱ्या आईवडिलांना घरीच ठेवलं की खर्च होत नाही, असा एक समज आपल्याकडे ठाण मांडून बसलाय. वृद्धाश्रमाचे महिन्याचे किती घेतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण घरी सांभाळायला किती लागतात असं विचारलं की 'घरचंच तर आहे, त्यात कसला हिशेब' असं उत्तर येतं, आणि हे उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा रात्री दोन वाजता उठून चादर बदलणारा नसतो. म्हणून हा हिशेब कसा मांडायचा ते सविस्तर लिहितेय. एक वही, एक पेन, आणि भावंडांचा एखादा रविवार, एवढंच लागतं. हिशेब मांडला म्हणजे प्रेम कमी झालं असं काही नाही, उलट हिशेब न मांडल्यामुळे तुटलेली घरंच जास्त बघितलीयत मी.

पायरी १ : नक्की काय जमत नाही, ते लिहून काढा

'बाबांचं आता काही खरं नाही' किंवा 'आईला सगळं करावं लागतं' या वाक्यांवरून काहीच ठरवता येत नाही. डॉक्टर आणि संशोधक याच्यासाठी एक साधी यादी वापरतात, सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेली. सहा गोष्टी आहेत : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी घर चालवायच्या आणि डोक्याच्या कामांची यादी काढली, तिच्यात फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आठवणीने घेणं आणि पैशाचे व्यवहार असं आहे. आपल्याकडे मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस ही संस्था आहे, तिने लासी नावाचा जो मोठा अभ्यास केला, २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना भेटून, त्यातही लोकांना हेच प्रश्न विचारले होते.

आता प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक लिहा : स्वतः करतात, थोडी मदत लागते, पूर्ण दुसऱ्याने करावं लागतं. त्यांना विचारून लिहू नका हां. 'मी करतो की सगळं' असंच उत्तर येणार, आपल्याकडच्या वडीलमंडळींना मदत मागणं म्हणजे कमीपणा वाटतो. तीन-चार दिवस नुसतं बघा. आंघोळीला आत गेल्यावर किती वेळ लागतो, नळाला धरून उठतात का, शर्टाची बटणं कोण लावतं.

दुसऱ्या यादीकडे जास्त लक्ष द्या असं मी म्हणेन, कारण गडबड तिथून सुरू होते. लाइट बिल दोनदा भरलं, गोळ्यांची पट्टी आठवड्यानंतरही तशीच आहे, नेहमीच्या दुकानातून येताना रस्ता चुकला, अशा गोष्टी 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. लासीचाच पुढचा भाग म्हणून जो डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला त्यात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला. लवकर कळलं तर औषधापेक्षाही मोठा फायदा हा की बँकेची आणि घराची कागदपत्रं त्या माणसाच्या स्वतःच्या सहीने नीट करता येतात. त्याबद्दल खाली लिहिलंय.

पायरी २ : तास मोजा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच कोणी करत नाही. एक आठवडाभर, जो माणूस प्रत्यक्ष करतोय त्याने मोबाइलमध्ये नोंद ठेवायची. तीन प्रकारचे तास वेगळे लिहा. एक, हाताने काम केलेले तास. दोन, काही करत नसलो तरी घर सोडून जाता येत नाही असे, म्हणजे अडकलेले तास. तीन, रात्रीच्या उठण्या.

एक उदाहरण धरू. वडील ८१ वर्षांचे, पार्किन्सन्स, आधार धरून चालतात. आई ७६ची, तिचे गुडघे गेलेत. थोरला मुलगा-सून चिंचवडला आईवडिलांच्या फ्लॅटमध्येच राहतात, मुलगी नाशिकला, धाकटा दुबईला. वडिलांच्या आंघोळ-कपड्याला एक तास, दिवसातून सहादा बाथरूमला नेणं-आणणं मिळून एक तास, तीन वेळचं भरवणं दीड तास, गोळ्या वीस मिनिटं (पार्किन्सन्सच्या गोळ्या घड्याळ लावून द्याव्या लागतात, जेवणाशी अंतर ठेवून, त्यामुळे वीस मिनिटं दिसायला कमी पण दिवसभर डोक्यात तेच), व्यायाम अर्धा तास, वेगळा मऊ स्वयंपाक आणि जास्तीची धुणी एक तास. बेरीज करा, पाच तास वीस मिनिटं. महिन्याचे झाले १६० तास. म्हणजे रोज आठ तासांची वीस दिवसांची नोकरी, आणि यात अडकलेले तास आणि रात्र अजून धरलेलीच नाही.

हे काम कोण करतं ते सांगायला अभ्यासाची गरज नाही, तरी आकडा असला की घरात बोलायला बरं पडतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची तरी काळजी घेण्याचं काम करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाची साधारण १४० मिनिटं जातात आणि पुरुषांची ७४. यात लहान मुलांचंही आलं, पण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

पायरी ३ : त्या तासांना दर लावा

अर्थतज्ज्ञ बिनपगारी कामाची किंमत दोन पद्धतींनी काढतात. एक, हेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर किती पडेल. दोन, हे काम करणाऱ्याने त्या वेळात दुसरीकडे किती कमावले असते.

पहिली पद्धत : समजा तुमच्या भागातला ब्युरो, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणारी एजन्सी, बारा तासांच्या मावशींचे ८०० रुपये सांगतोय (गाव, शहर, आजार याप्रमाणे हा दर खूप बदलतो, तुमच्याकडचा दोन-तीन ठिकाणी फोन करून घ्या). तासाला पडले ६७ रुपये, १६० तासांचे झाले १०,७०० च्या आसपास. कमी वाटतात ना? कारण हा दर मुळातच कमी आहे, ते काम करणाऱ्या बायकांना पर्याय नसतात म्हणून.

दुसरी पद्धत : सून ३५ हजार पगाराची नोकरी सोडून घरी बसली तर वर्षाला ४ लाख २० हजार, पाच वर्षांत २१ लाख. शिवाय पीएफमध्ये मालकाचा वाटा बंद, पाच वर्षं भरायला थोडे महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटी हुकली, आणि पन्नाशीला परत नोकरी कोण देतंय. आता महिन्याला २४ हजारांची (रोजचे ८००, तीस दिवस) मावशी लावणं 'परवडत नाही' म्हणून ३५ हजारांची नोकरी सोडणं हा सौदा कसा आहे ते तुम्हीच बघा. तरी घरोघर हाच निर्णय होतो कारण २४ हजार खिशातून जाताना दिसतात आणि ३५ हजार यायचे बंद झालेले सहा महिन्यांनी कोणाला आठवतही नाहीत.

माझं मत असं, की घरात चर्चेला पहिली पद्धत वापरा, ब्युरोचा दर कोणालाच खोटा म्हणता येत नाही. पण कोणी नोकरी सोडायचा विचार करत असेल तर दुसरा हिशेब मांडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आधी बिनपगारी रजा, अर्धवेळ, घरून काम, जे मिळेल ते मागून बघा.

पायरी ४ : महिन्याचं बजेट

वरच्याच घराचं करू. दिवसाच्या मावशी, ८०० गुणिले ३० म्हणजे २४,०००. डायपर रोज तीन, ४० रुपयांचा एक धरला तर ३,६००. औषधं ४,५००. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन महिन्यात बारा वेळा, ५०० प्रमाणे ६,०००. डॉक्टर आणि तपासण्या सरासरी १,५००. वरचं दूध-फळं, लाइट, साबण, अंडरपॅड २,०००. एकूण ४१,६००. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका, पण ओळी ह्याच ठेवा कारण लोक नेमक्या शेवटच्या दोन ओळी विसरतात.

जमेच्या बाजूला वडिलांचं पेन्शन १८,०००. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख असतील तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला १०,२५० पडतात (व्याज तिमाहीला जमा होतं, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, खातं उघडताना जो दर लागला तो पाच वर्षं तोच राहतो). जमा २८,२५०, खर्च ४१,६००, तूट १३,३५०.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, ही तूट दरवर्षी वाढणार आहे. विल्यम बॉमल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं की कारखान्यातली कामं यंत्रामुळे झटपट होत जातात, पण माणसाने माणसासाठी करायची कामं होत नाहीत, आणि मजुरी मात्र सगळीकडेच वाढते, म्हणून असली कामं इतरांच्या मानाने महागच होत जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. एअर बेड आला म्हणून ते वळवणं सुटत नाही. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर आजचे ४१,६०० पाच वर्षांनी ६१ हजारांच्या वर जातात. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता असतो, पण खासगी नोकरीतलं ईपीएस-९५ चं पेन्शन वाढत नाही आणि मुदत ठेवीचं व्याजही. त्यामुळे आईवडिलांचे पैसे 'लागतील तेव्हा बघू' म्हणून बचत खात्यात झोपवून ठेवू नका, आणि सगळे एकाच वेळी लॉकही करू नका, सहा महिन्यांचा खर्च हाताशी राहू द्या.

एकदाच करायचा खर्च वेगळ्या पानावर लिहा : बाथरूममध्ये धरायला दांडे, घसरू नये म्हणून मॅट, कमोड चेअर, वॉकर, पुढे लागला तर डोक्याकडून वर होणारा बेड. बेड आणि व्हीलचेअर भाड्याने मिळतात, काही ट्रस्ट आणि ज्येष्ठ नागरिक संघ अनामत घेऊन वापरायला देतात, आधी तिथे विचारा. दांडे मात्र आजच बसवून घ्या, खुब्याचं हाड मोडल्यावर बसवायचे नसतात.

पायरी ५ : भावंडांत वाटणी

इथे खरी मजा. वरच्या घरात दिवसा मावशी आहेत पण रात्री सून-मुलगा उठतात. ब्युरोची रात्रपाळी पण ८०० चीच, म्हणजे ते दोघं महिन्याला २४ हजारांचं काम अंगावर घेतायत. तूट १३,३५० आणि रात्रीचे २४,०००, मिळून ३७,३५०. तीन भावंडं, प्रत्येकी १२,४५०.

थोरल्याने २४ हजारांचं काम आधीच केलंय. म्हणजे कागदावर बरोबरी करायची तर नाशिक आणि दुबईने प्रत्येकी १२,४५० द्यायचे, त्यातून १३,३५० ची तूट भागते आणि उरलेले ११,५५० थोरल्याच्या घरात जातात. प्रत्यक्षात भाऊ-बहीण कोणी असं रुपया-पैशात करत नाही, आणि करूही नये कदाचित. पण दोघांनी निदान तूट पूर्ण उचलावी, आणि वर्षातून काही आठवडे येऊन राहावं, एवढं तरी कागद बघितल्यावर सगळ्यांना पटतं. 'मी पैसे पाठवतो की' म्हणणाऱ्या दुबईकराला रात्रीची किंमत आकड्यात दिसली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी बघितलंय.

थोरल्यानेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायची. आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहतोय तर भाडं वाचतंय. ते पण वहीत लिहा. लपवलं तर दुसऱ्या दिवशी वहिनी-नणंदेच्या फोनवर तेच निघणार.

आणि पाळीपाळीने सांभाळायची जी पद्धत आहे, दोन महिने ह्याच्याकडे दोन महिने त्याच्याकडे, ती शक्यतो टाळा. दिसायला न्याय वाटतो, पण विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला दर दोन महिन्यांनी संडास कुठे आहे ते नव्याने शिकावं लागतं, डॉक्टर बदलतो, औषधांच्या चिठ्ठ्या हरवतात. माणूस एका जागी राहू द्या आणि सांभाळणारे फिरा.

पायरी ६ : मावशी किंवा ब्रदर लावताना

आधी ठरवा की काय लागतंय. आंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं यासाठी केअरटेकर मावशी पुरतात. नाकातली नळी, लघवीची नळी (कॅथेटर), कफ ओढायचं यंत्र (सक्शन) असेल तर शिकलेली सिस्टरच हवी, पैसे वाचवायला इथे तडजोड नको. वडील अंगाने जड असतील तर ब्रदर, म्हणजे पुरुष केअरटेकर ठेवा, एकट्या मावशीला उचलायला लावलं तर दोघंही पडतात.

ब्युरोला विचारायचे प्रश्न : रजिस्ट्रेशनचे किती, ते परत मिळतात का, त्या बाईच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात, सुट्टी घेतली तर बदली कोण, गणपतीला आणि दिवाळीला काय. शेवटच्या प्रश्नावर बरेच ब्युरो गडबडतात. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, दागिने बँकेत ठेवा म्हणजे उगाच संशयाचं वातावरण राहत नाही.

कामाची यादी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. पेशंटचं काम आणि घरचं काम वेगळं असतं, 'जरा भांडी पण घासून टाका' हे हळूहळू सुरू होतं आणि चांगली बाई निघून जाते. आठवड्याची सुट्टी द्या, जेवण-चहा आपल्यासारखाच द्या, दुपारी पाठ टेकायला जागा द्या. बारा तासांची पाळी करून ती घरी जाऊन स्वतःच्या सासूचंही करत असते, ह्याचा विचार कोण करतं.

पायरी ७ : हॉस्पिटलचा खर्च आणि विमा

विमा हॉस्पिटलचे पैसे देतो, सांभाळाचे देत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. मावशींचा पगार, डायपर यातलं काहीही मेडिक्लेममध्ये सहसा येत नाही. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली नेमका ह्यासाठीच वेगळा सक्तीचा विमा आणला, आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून वरचं बजेट वेगळं करायचं आणि हॉस्पिटलचं वेगळं.

७० पूर्ण असतील तर केंद्र सरकारच्या हॉस्पिटल-खर्चाच्या योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, वय आधारवरून धरतात. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. खासगी मेडिक्लेम असला तरी हे काढता येतं, सीजीएचएस (केंद्र सरकारी नोकर-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोन्हीपैकी एक निवडायची. यात भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावरचे १५ दिवस धरतात, खुब्याच्या ऑपरेशननंतर खरी सेवा सोळाव्या दिवशी सुरू होते ते वेगळं. कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते तब्येत बरी असतानाच बघून ठेवा.

खासगी पॉलिसी चालू असेल तर प्रीमियम वाढला म्हणून रागाने बंद करू नका, नवीन घ्यायला गेलात तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढलाय, आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं.

करात : जुनी कररचना घेत असाल तर आईवडिलांच्या प्रीमियमवर ५० हजारांपर्यंत वजावट, आणि साठीपुढच्या ज्या माणसाचा विमाच नाही त्याच्या औषधोपचारावरही तेवढीच, फक्त पैसे रोख दिलेले नकोत. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, कॅन्सर अशा ठरावीक आजारांना ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वेगळी आहे. नव्या रचनेत यातलं काही नाही. औषधाच्या दुकानात यूपीआय करायची सवय लावा, बस.

ज्यांच्याकडे पेन्शनच नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना : ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, महिन्याला १,५००. उत्पन्नाची अट इतकी खाली आहे की खरी गरज असलेलेही बाहेर राहतात, पण बसत असाल तर सोडू नका, अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत.

पायरी ८ : बँक, घर, कागद

बँक खातं जॉइंट करा, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निश्चिंत राहू नका, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं. फक्त सही करता येत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदारांवर बँक पैसे देते, सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा मागता येते. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नोव्हेंबरमध्ये, ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासून. बिछान्यावरच्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेऊ नका प्लीज.

आता घर. १९८५ साली बर्नहाइम, श्लायफर आणि समर्स या अमेरिकेतल्या तिघा अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की ज्या आईवडिलांकडे मागे ठेवण्यासारखी मालमत्ता असते त्यांच्याकडे मुलांचं येणंजाणं-फोन जास्त असतात. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे अभ्यासाशिवाय ठाऊक आहे, म्हणून तर किल्ल्या कमरेला. तेव्हा मुलांनी कितीही गोड बोलून सांगितलं तरी हयातीत बक्षीसपत्र करून घर नावावर करून देऊ नये असंच मी सांगेन. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी, आणि मन बदललं तर बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे त्यात सांभाळ न केल्यास असा व्यवहार रद्द होऊ शकतो, पण अट लिहिलेलीच नाही म्हणून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात एका आईच्या विरोधात निकाल गेलाय. जानेवारी २०२५ च्या निकालात कोर्टाने जास्त मोकळा अर्थ लावला खरा, तरी कोर्टापर्यंत जायची वेळ का आणायची.

त्याच कायद्याखाली मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात पोटगीचा अर्ज करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, निकाल ९० दिवसांत अपेक्षित. अर्जाला मदत लागली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. गंमत बघा, कायद्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. जबाबदारी लेकीवरही लेकाएवढीच टाकलीय, आणि जी प्रत्यक्ष करते तिचं कायद्यात नाव नाही. घरात वाटणीची चर्चा अडली की हे वाचून दाखवा.

पायरी ९ : सांभाळणाऱ्याची तब्येत

शुल्झ आणि बीच यांचा १९९९ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वयस्कर लोकांचा. सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण, न सांभाळणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्के जास्त निघालं. म्हणजे वरच्या उदाहरणात फक्त सुनेकडे बघून चालणार नाही, ७६ वर्षांची आई, जी दिवसभर 'हे उठले का, हे जेवले का' करत असते, तिची शुगर-बीपी कोण बघतंय? तिचं वेगळं पान करा वहीत.

सुट्टी ही बजेटमधली ओळ असली पाहिजे. महिन्यातून दोन रात्री पैसे देऊन रात्रपाळी लावा, १,६०० रुपयांत दोन दिवस झोप मिळते. वर्षातून दोनदा निदान आठवडाभर बहीण किंवा भाऊ येऊन राहील, तारखा आत्ताच ठरवा, तिकीट काढून टाका. झारिट नावाची २२ प्रश्नांची एक चाचणी डॉक्टर वापरतात, सांभाळणाऱ्यावर किती भार आलाय ते मोजायला, पण घरच्या घरी तीन गोष्टी बघितल्या तरी पुरे : झोप सलग किती तास लागते, शेवटचं घराबाहेर स्वतःसाठी कधी गेलो, आणि पेशंटवर ओरडायला किती वेळा झालं. ओरडणं वाढलं म्हणजे माणूस वाईट झालेला नसतो, रात्रपाळी वाढवायची वेळ झालेली असते.

वृद्धाश्रम किंवा नर्सिंग केअर सेंटरचा पर्यायही ह्याच वहीत लिहून बघा, शिव्या न देता. दिवसाला एक आणि रात्रीला एक अशी चोवीस तास माणसं लागायला लागली की घरचा खर्च फक्त मावशींचाच ४८ हजार होतो, आणि तेव्हा चांगलं सेंटर स्वस्त आणि सुरक्षित पडू शकतं. जाऊन बघताना वास घ्या, रात्री किती माणसं ड्युटीवर असतात ते विचारा, आणि न सांगता दुसऱ्यांदा जा.

पायरी १० : वही दर सहा महिन्यांनी

पहिल्या पायरीची यादी दर सहा महिन्यांनी परत भरा, आणि हॉस्पिटलमधून डिस्चार्ज झाला की लगेच, कारण सगळ्यात मोठी घसरण तेव्हाच होते. तास बदलले की दर, बजेट, वाटणी सगळं बदला. शेवटच्या आजारपणात व्हेंटिलेटर हवा की नको हे त्यांचं स्वतःचं मत दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी करून ठेवता येतं, २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने ही पद्धत सोपी केलीय, बोलायला अवघड विषय आहे पण आयसीयूच्या दारात तीन भावंडांनी भांडण्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर बोललेलं बरं. हा कागद, विम्याचं कार्ड, औषधांची चालू यादी, डॉक्टरांचे नंबर आणि मृत्युपत्र कुठे ठेवलंय त्याची चिठ्ठी हे सगळं एका फाइलमध्ये घाला, त्याचे फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाका, आणि दुबईवाल्याने त्याची प्रिंट पण काढून ठेवावी.